कवितेच्या तासाला वरकस

सर,

काल मी सही केली नाही. कागद समोर होता, पेन भावानेच हातात दिलं होतं, चहा पिऊन झाला होता आणि ओटीवर बसलेली सगळी माणसं माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. मी पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. का, म्हणून विचारलं तेव्हा मी जे बोलले ते तिथल्या कोणालाच कळलं नाही. कळणार तरी कसं, ते मी त्यांना सांगतच नव्हते, तुम्हाला सांगत होते. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. पण भांडण तुमच्याशी सुरू झालंय, तर पुढे काय झालं ते आधी तुमच्याच कानावर घातलं पाहिजे. ऐका. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेवढी एक सोय झाली आहे.

बी.ए.चं दुसरं वर्ष. कर्जतचं कॉलेज, जिन्याखालचा तो लांबट वर्ग, आम्ही चौदा जण आणि त्यात मुली तीन. तुम्ही इंग्लंडातल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या रोमँटिक कवींचा पेपर शिकवायचात. पहिल्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहिलात तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली, आणि तुम्ही न चिडता म्हणालात की यात नायक-नायिका झाडाभोवती फिरत नाहीत, यात कवी एकटाच झाडाशी बोलत बसतो. शिकवायचात छान, ते मी कधीच नाकारणार नाही. तुम्ही ओळ वाचायला लागलात की पंख्याची खडखडसुद्धा विसरायला व्हायची. तर त्या दिवशी एक कविता चालू आहे. एक माणूस मोकळ्या कुरणातून चाललाय, वारा आहे, मेंढ्या आहेत, आणि त्याला लहानपण आठवतंय. त्यात 'कॉमन' असा शब्द येतो. आमचं इंग्रजी यथातथाच, म्हणून तुम्ही अडेल त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगायचात आणि आम्ही तो समासात लिहून घ्यायचो. तुम्ही सांगितलंत, कॉमन म्हणजे पडीक जमीन. तेरा पेनं चालली. माझं थांबलं.

मी उभी राहिले. पोशीरहून येणारी, दोन वेण्यांची, वर्गात कधी तोंड न उघडणारी मी. म्हटलं, सर, पडीक नसेल, वरकस असेल. तुम्हाला शब्दच माहीत नव्हता. मग मी सांगायला लागले, की भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला उताराची जमीन असते, तिथं भात होत नाही, पण गवत तिथूनच येतं, गुरं तिथंच चरतात. पाला तिथूनच तोडून आणतात आणि शेण-गवताबरोबर खाचराच्या कोपऱ्यात पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप उठत नाही, आणि रोप नाही तर लावणी कसली करणार. बघायला रिकामी दिसते सर, पण तिच्याशिवाय खालचं शेत चालत नाही. त्या मेंढ्या कोणाच्या ते कळलं तर कवितेतला माणूस इतका उदास का आहे ते कळेल, असं मला म्हणायचं होतं. तिथपर्यंत पोचलेच नाही. तुम्ही पुस्तकात बोट ठेवून पुस्तक मिटलंत. "हा कवितेचा तास आहे, तलाठ्याचा नव्हे." वर्ग हसला. हसणारच, वाक्य झकास होतं. त्या दिवसापासून नेरळची पोरं मला 'काय तलाठीणबाई' म्हणूनच हाक मारायची, आणि मी ताठ मानेने 'ओ' द्यायचे. रडले असते तर त्यांचं फावलं असतं.

सहामाहीला प्रश्न आला, रोमँटिक कवींचं निसर्गप्रेम. तुमच्या नोट्समध्ये होतं की निसर्गाच्या सान्निध्यात कवीचा आत्मा शुद्ध होतो, वगैरे. पानभर मी तेच लिहिलं आणि मग माझी खाज काही जाईना. लायब्ररीत इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक धूळ खात पडलं होतं. त्यातून मी शोधून काढलं होतं की त्याच दिवसांत इंग्लंडात गावांच्या मोकळ्या जमिनींना कुंपणं पडत होती. कायदे करकरून त्या बड्यांच्या नावावर चढत होत्या. ज्यांची एक गाय, दोन मेंढ्या त्या गवतावर जगायच्या ती माणसं बोचकं बांधून गिरण्यांच्या शहरात चालली होती. पलीकडे फ्रान्सात लोकांनी राजाला खाली ओढलं होतं, आणि इकडच्या तरण्या कवींना वाटत होतं की आता जग नव्याने मांडता येईल. तसं काही झालं नाही, आणि मग ते डोंगराकडे तोंड करून बसले. मी लिहिलं, झाडावर एवढं प्रेम एकाएकी कुठून आलं? झाड तर आधीही होतं. हातातून जायला लागलं तेव्हा दिसायला लागलं. आमच्या गावात डोंगरावर कोणी कविता करत नाही, कारण डोंगर अजून आमच्याकडे आहे. सर, ते शेवटचं वाक्य मला आजही आवडतं. तुम्ही त्या दीड पानावर लाल शाईची तिरपी रेघ मारलीत आणि खाली एकच शब्द लिहिलात, विषयांतर.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरीला कोणी मोठे सर शिकवतात एवढंच तिला माहीत. नवं भात भरडून आलं तशी तिने पिशवी भरली आणि म्हणाली, "सरांना दे गं, आपल्या हातचं हाय." मी तोंड वाकडं केलं, पण नेली. तुम्ही तेव्हा दहिवलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहात होता. तुमच्या घरच्या बाई खोपोलीला नोकरीवर गेलेल्या, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत होता. कविता सांगणारा माणूस बनियनवर बसलेला बघून मला हसू आलं होतं. तुम्ही पिशवी घेतलीत, वास घेतलात, थोडे तांदूळ ताटात ओतून तिथल्या तिथे निवडायला लागलात. मी उंबऱ्यात. म्हणालात, बस, की उभ्याउभ्याच उलट बोलणार आहेस? मी बसले. मग खडे बाजूला सारत तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील घाटावरचे. भावकीच्या भांडणात जमिनीवरचं नाव उडालं आणि ते मुंबईला गिरणीत लागले. चाळीतल्या एका खोलीत अकरा माणसं, आणि रोज जेवताना त्याच दोन बिघ्यांची भांडणं, कोणी कोणाला फसवलं आणि कोणाचा अंगठा कोणी घेतला. शाळेत गेलं तर मास्तरांचा पहिला प्रश्न गाव कुठलं आणि दुसरा आडनाव काय. मग एका मास्तरांनी इंग्रजी कवितांचं पुस्तक हातात दिलं.

"मला एकच जागा अशी सापडली गं, जिथं कोणी गाव विचारत नाही," तुम्ही म्हणालात. "तिथं तू सातबारा आणून ठेवू नकोस."

तुमचा आवाज जरा हलला होता आणि मला शरम वाटली. उत्तर सुचलं ते गाडीने नेरळला उतरून पोशीरच्या टेंपोत बसल्यावर, आणि तेव्हापासून ते माझ्या घशाशी येऊन बसलंय. आज ओकते. सर, तुमचे वडील गाव सोडून गिरणीत गेले. कुंपण पडलं म्हणून गाव सोडून गिरणीत गेलेली जी माणसं, त्यांच्या पाठी ती कविता आली. तुम्ही ज्या घरात लपायला गेलात त्याच्या भिंती तुमच्या वडिलांसारख्यांनीच रचल्या होत्या. आणि तुम्ही मात्र दारात उभं राहून म्हणत होता, इथं कोणाचा बाप आणायचा नाही. मला तुमचा राग येतो तो इथं येतो. वर्गाला माझ्यावर हसवलंत त्याचा नाही. तुम्ही त्यांना बाहेर ठेवलंत, त्याचा. आणि जे तांदूळ निवडत होता ना, ते त्याच पडीक जमिनीच्या जिवावर पिकलेले होते. भात छान झाला असणार.

पुढे मी स्वतःच मास्तरीण झाले. नशिबाची थट्टा म्हणा, तोच पेपर माझ्या वाट्याला आला. खोपोलीच्या शिळफाट्याला राहते, तिकडच्याच एका कॉलेजात शिकवते, निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. तुमच्या नोट्स अजून झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमच्यावरच तरतात, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. पण माझ्या तासाला मी पहिल्या दिवशी कविता उघडतच नाही. आधी विचारते, तुमच्या गावात गेल्या दहा वर्षांत कशाकशाला कुंपण पडलं? सुरुवातीला लाजतात. मग एक म्हणतो, मॅडम, आमचा नदीवर जायचा रस्ता. एक म्हणते, आमची देवाची टेकडी, आता वॉचमनला विचारून नारळ फोडायला जातो. अर्धा तास नुसती कुंपणं निघतात. मग मी कविता वाचते, आणि तुमच्याइतकी चांगली वाचत नसूनही वर्ग गप्प होतो. आपल्याकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेमकवितेलाही मी सोडत नाही. त्यांना सांगते, आपल्याकडे विरहाची इतकी कविता एकदम का उगवली माहितीये? नवरा नोकरीला शहरात गेला आणि गावातली बायको दोन इयत्ता शिकली. पत्र वाचणारी कोणी असल्याशिवाय झुरणार कोणासाठी? पोरं हसतात, पण लिहून घेतात. कॉमन या शब्दापुढे समासात माझे सगळे विद्यार्थी एकच शब्द लिहितात, वरकस. तीस वर्षं मी तुमची रेघ खोडते आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच.

आता कालचं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात, साडीचोळी घेतात आणि गप्प बसतात. माझ्या भावाने मला हक्कसोड कधी मागितला नाही. तो भला माणूस आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही त्याला उगाच खलनायक करणार नाही. नेरळच्या आजूबाजूला आता फार्महाऊसं झालीत. आमच्या वरकसावर डोळा ठेवून कोणी आलं, भावाला व्यवहार पटला, फक्त माझी सही हवी होती. त्याचा मुलगा शिकतोय, गुरं विकून झाली, खाचरात आता विकतचं खत पडतं आणि राब कोणी भाजत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. गावात मात्र बोललं जात होतं की मास्तरीण भाव खातेय, वाटा वाढवून मागणार. मागू दे म्हणाला भाऊ, आमच्यात काय ते बघू. एवढा भला.

ओटीवर त्या गिऱ्हाइकाचा मध्यस्थ माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. बॅगेतून त्याने गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही तर पोएट्रीच्या प्रोफेसर, जरा भाषा बघून द्या. मी बघितली. हिरवे डोंगर, धुकं, धुक्यात पाठमोरी एक बाई. इथं तुम्ही निसर्गाशी पुन्हा जोडले जाल, आत्मा शुद्ध होईल, माणसाचा हात न लागलेली जमीन. सर, शपथ घेऊन सांगते, तुमच्या नोट्स होत्या. तुमचीच वाक्यं गुळगुळीत कागदावर छापून आली होती. तुम्ही ज्या कवितेतून गाव काढून टाकलंत, ती आता गाव काढून टाकायच्या कामाला लागली आहे. आणि त्या न लागलेल्या हातांत माझ्या आईचे हात होते. विळ्याने कापलेल्या तिच्या करंगळीची खूण मला त्या धुक्यात लख्ख दिसली.

मी म्हटलं, भाषेत चूक नाही, पण ही जमीन पडीक नाही. मी सही करणार नाही. भावाला वाटलं मी चिडून बोलतेय. त्याने आधी समजावलं, मग वहिनीकडे बघितलं, मग तो खाली बघून बोलला.

"पडीकच हाय ती ताई. धा वर्सं कोणी गेलं नाय तिकडं. तुला कविता शिकवायला डोंगर लागतो, आमाला काय लागतं ते कधी इचारलं का?"

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, माझ्या हयातीत नाही, पुढचं पुढच्यांनी बघा. मध्यस्थाने पुस्तिका गोळा केल्या. वहिनी आत निघून गेली आणि भांडी जरा जोराने वाजली. भाऊ म्हणाला, जेवून जा. मी जेवले नाही. चपला घातल्या आणि तशीच वरकसाच्या वाटेला लागले. तो म्हणाला होता ना दहा वर्षं कोणी गेलं नाही. त्यात मीही होते, आणि दहा नाही, पंधरा वर्षं.

वाट मला सापडेना. ज्या जमिनीसाठी मी सख्ख्या भावाशी वाकडं घेऊन आले तिथं जायची वाट मी विसरले होते. दोनदा करवंदीच्या जाळीत शिरले, साडी फाटली, गुडघे बोलायला लागले. दिवाळी होऊन गेलेली, गवत कमरेएवढं आणि पिवळं पडलेलं. वर पोचले तर कापल्याचा आवाज आला. एक बाई, माझ्याहून थोडी लहान असेल, वरच्या ठाकरांच्या वाडीतली. विळ्याने गवत कापत होती. बांधलेले चार भारे बाजूला, आणि अर्धा उतार साफ कापून झालेला. दहा वर्षं कोणी गेलं नाही म्हणे. हे गवत कापायची रीत एका दिवसाची नव्हती. कुठून सुरुवात करायची, पायवाट कुठून सोडायची, कुठलं झुडूप राखायचं, सगळं तिचं ठरलेलं होतं. दरसाल येतो म्हणाली, तिची सासूही यायची. म्हणजे माझी आई असताना आणि नसतानाही. गवत म्हशीवाल्यांना देतात, थोडं घरावर घालतात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तुम्ही हरलात सर, भाऊही हरला. पडीक नव्हती. एक दिवससुद्धा नव्हती.

आणि त्या आनंदात मी तिला म्हटलं, "न्या हं गवत, आमची काही हरकत नाही."

ती थांबली. माझ्या चपलांकडे, पदराकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. जमिनीवर ज्याचं असतं ते नाव. ती 'बरं' म्हणाली. रागावली नाही, हसली नाही. विळा कमरेला खोचला, एक भारा डोक्यावर घेतला आणि दगडांच्या रांगेपलीकडे, दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवला. मग दुसरा. चार खेपा केल्या. उरलेलं गवत तसंच उभं सोडून ती पलीकडे कापायला बसली.

मला तेव्हा कळलं, सर. इंग्लंडातलं ते कुरण कोणा एकाचं नव्हतं, म्हणून तर त्याला कॉमन म्हणायचे. वरकसाला मालक असतो. गुरचरण म्हणायला हवं होतं मी, ते सगळ्या गावाचं असतं, किंवा तेही नाही, कदाचित या बाईच्या वाडीत त्याला शब्द असेल आणि मला तो ठाऊक नाही. तुम्ही चुकीचा अर्थ सांगितलात आणि मी दुसरा चुकीचा सांगितला, तोही छाती ठोकून, तीस वर्षं. तुम्हाला वरकस माहीत असतं तर तुम्ही मला त्याच दिवशी पकडलं असतं. मी तुमची माफी मागणार नाही. लाल रेघ चूकच होती, आणि सही मी अजूनही करणार नाही, भाऊ बोलला नाही तरी. पुढच्या आठवड्यात तीच कविता घ्यायची आहे, आणि पोरांना समासात काय लिहायला सांगायचं ते मी बघीन.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुम्ही पुस्तकात बोट ठेवून हसला असतात. एक गोष्ट मात्र भावाला सांगितलेली नाही, वर्गातही सांगणार नाही. मी तिथं बराच वेळ उभी होते. ती वीस पावलांवर होती, मला विळा ऐकू येत होता, आणि तिला 'परत ये' म्हणायचं माझ्या मनात होतं. पण ये म्हटलं असतं तरी ती परवानगीच झाली असती. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. मी तिला हाक मारली नाही.